पाठ लागल्यावर

कुंभार पिंपळगावच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात नवी केबल आल्ती. बाजाराच्या दिवशी तिथं एक म्हातारे पैलवान येऊन बसायचे. कान चुरगळलेले, मान खांद्यात शिरलेली. जत्रेतल्या कुस्त्यांचे ते पंच. टीव्हीवरच्या पिंजऱ्यातल्या लढतींना ते आधी "निव्वळ दांडगाई" म्हणत. पुढं त्यात वजनाचे गट आले, डोक्यानं धडक मारायला बंदी आली, तशी त्यांची खुर्ची टीव्हीजवळ सरकू लागली. "आता कुठं बराबर खेळ झाला!"

एकदा एका गड्याची पाठ जमिनीला लागली. पैलवानांनी सवयीनं हात वर केला, "चितपट!" म्हणाले आणि अर्धा चहा ठेवून निघाले.

"पैलवान, थांबा की. ते अजून लढू राह्यले," हॉटेलवाला म्हणाला.

ते वळले. खालच्यानं वरच्याची मान पायांत आवळली होती आणि वरचा हातानं थापट्या मारून हार कबूल करत होता.

पैलवान परत बसले. गार चहा त्यांनी एका घोटात संपवला.

"जांबच्या जत्रंत माझी पाठ लागली अन् म्या लंगोट खुंटीला टांगला. हा नियम तव्हा असता, तर मी अजून तिथंच पडून लढत असतो!"