रमाआक्काचं सरकारी पाव्हणं

रमाआक्का कुठल्याबी हापिसात शिरली की आधी कामाचं बोलायचीच न्हाय. "जयभीम सायेब, गाव कुठलं म्हणायचं तुमचं?" आन् खुर्ची वढून बसायची. सायेब म्हणला सोलापूरकडचा, तर हिची नणंद तिकडं दिलेली. मॅडम म्हणल्या नगरच्या, तर हिच्या सुनंची मावशी नगरला. च्या येईस्तवर सायेब हिचा भाचा झालेला आसायचा. मावशीला 'उद्या या' म्हणायला जीभ जड व्हती का न्हाय? माझ्या माहेरला ती आमच्या शेजारची. कवातरी सरपंच व्हती. सरपंचकी गेली, पण हापिसात जाऊन बसायची सवय तेवढी ऱ्हायली.

"हापिसाला तोंड नसतंय गं," ती म्हणायची. "माणसाला आसतंय. तोंडाकडं बघितल्याबिगर कुणाला लाज वाटत न्हाय."

माझी पोरगी माहेरला झाली, इंदापूर तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरलाच करत्यात, ह्यात माझं काय चुकलं? सासर बारामती तालुक्यात. पोरगी काय बाळसं धरंना. सासू म्हणली, हिलाच दूध न्हाय. मी अंगणवाडीत गेले तर बाई म्हणल्या, नोंद माहेरची हाय, तिकडं दाखवा. माहेरला आले तर म्हणल्या, नाव सासरला पाठवलंय, तिकडं दाखवा. आरोग्य केंद्रात गेले तर म्हणले, आधी अंगणवाडीची चिठ्ठी आणा. दोन्ही तालुक्यांचं माझ्या पोरीवर लई प्रेम. इतकं, की दोघंबी म्हणायचे, न्हाय न्हाय, आधी तुमी! केंद्राच्या भिंतीवर गुबगुबीत बाळाचं चित्र व्हतं, खाली लिवलेलं, 'बालक आमची जबाबदारी'. बहुतेक त्या चित्रातल्याच बाळाची आसावी.

पोरगी रडायचीबी बंद झाली. शेजारणी म्हणायच्या, किती गुणाची हाय, अजिबात तरास न्हाय. मला तर रात सरायची न्हाय, सारखं तिच्या नाकापुढं बोट धरून बघायचे. सात म्हयन्याची पोर आन् हाताला लागायची न्हाय, कापडाचं गठुडं धरल्यावानी.

आक्का आली, पोरीचं दुपटं वर करून पाय बघितलं, परत झाकलं. मला वाटलं आता काय म्हणती. तर म्हणली, "हिचं उष्टावण झालं का?"

"आक्का, तुला उष्टावण सुचतंय? आन् करणार कोण? मला भाऊ न्हाय, हिला मामा न्हाय."

"मामा मी आणते," म्हणली. "तू खीर कर."

पोरीला पहिला घास मामानं भरवायचा आसतोय. आक्का दोन्ही तालुक्यांत फिरली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला म्हणली, "माझ्या लेकीला भाऊ न्हाय, तुमी भाऊ म्हणून या." दोन्हीकडच्या अंगणवाड्यांवर ज्या सुपरवायझर मॅडम हायत्या, त्यांना म्हणली, "तुमी मावश्या." मीटिंगला बोलवलं आसतं तर आदेश आला न्हाय म्हणले आसते. खिरीला आदेश लागत न्हाय. आली की समदी, आयतवारची, नटूनथटून! एक मॅडम फोटू काढायला आपला मुलगाबी घिऊन आल्या. विहारात सतरंजी टाकली, बुद्धाच्या मूर्तीला फुलं वाहिली. दोन्ही मॅडम शेजारी शेजारी बसल्या आन् एकमेकींला म्हणल्या, "अगं बाई, तूच का ती? आपण फोनवर भांडतो ते?"

फोटू निघालं. मग आक्कानं पोरगी डॉक्टरच्या मांडीवर दिली आन् चमचा हातात. डॉक्टर हसत व्हता. "चला भाचीबाई, आ करा." पोरीनं तोंडच उघडलं न्हाय. खीर व्हटावरनं खाली आली. डॉक्टरचं हसू गेलं. त्यानं दंड धरून बघितला, मग पायावर आंगठा दाबला. आंगठा काढला तरी खड्डा तसाच, उपासाची सूज व्हती ती.

"हिला आजच बारामतीला न्यायला पाहिजे. आत्ता."

एक मॅडम हळूच म्हणल्या, "पण सर, नोंद कुणाकडं..."

"मॅडम," आक्का म्हणली, "ती मामाच्या मांडीवर हाय. मामाची काय नोंद आसती व्हय?"

डॉक्टरनं आपलीच गाडी काढली, एका मॅडमनं मोठ्या दवाखान्यात फोन लावला, दुसऱ्या मॅडमनं माझ्या सासरला कळवलं. मला वाटलं, आरं, ह्यांना येतंय की समदं! वाटंत सणसर गावापाशी उसाच्या ट्रॉल्या आडव्या. आक्का काचंतनं डोकं काढून वरडली, "आरं ए ट्रॅक्टरवाल्या, कुणाचा रं तू? अंथुर्ण्याचा का? तुझ्या आयला वळखते मी, घे बाजूला!" त्यानं घेतला. खरंच वळखत व्हती का, देव जाणे.

दवाखान्यात पोरीला आत नेलं, मला भाईर बसवलं. मला वाटलं, आक्का आता नर्सचं गाव इचारणार. तर आक्का नर्सकडं पाठ करून जिन्याच्या पायरीवर बसलेली, पदराचा बोळा तोंडाला लावून.

"आक्का, काय व्हतंय गं?"

"भ्या वाटलं."

"तुला?"

"मग मी काय दगूड हाय? पाय बघितलं तवापास्नं डोळ्याला डोळा न्हाय माझ्या."

"मग मला बोलली का न्हाईस?"

"दोघीबी भ्यालो आसतो तर पोरीला धरलं कुणी आसतं?"

पोरगी वाचली. दोन्हीकडच्यांनी आपापल्या ग्रुपवर तोच फोटू टाकला, 'आमच्या विभागाच्या समन्वयातून'. समन्वय म्हंजे काय ते मला ठाव न्हवतं. फोटू बघून कळलं, खीर खायला एका सतरंजीवर बसत्यात त्याला म्हणत्यात. मला राग आला. आक्का म्हणली, "टाकू देत की. मावशी म्हणून फोटूत बसल्यात, आता नगं म्हणून दाखवू देत." आन् खरंच, आता दोन्ही तालुक्यांतनं फोन येतोय, पोरीचं वजन केलं का म्हणून. आधी एक मिळत न्हवती, आता दोन दोन अंगणवाड्या भांडत्यात, ती आमची म्हणून.

आक्का ह्या उन्हाळ्यात गेली. शेवटी तिलाबी बारामतीच्याच दवाखान्यात ठिवलं व्हतं. मी पोरीला काखंत मारून गेले. पोरगी जड झालीया, हात भरून येतोय. आक्काचा आवाज पार खोल गेलेला, नाकाला नळी. मला जवळ बोलवलं, माझं तोंड बघितलं.

"भ्यालीस व्हय गं?"

"न्हाय आक्का," मी म्हणलं आन् तिचा हात धरला.