मावशींचं परमिट वाढलं

आमच्या मावशींइतकं घाबरणारं माणूस अमेरिकेच्या पन्नास राज्यांत सापडणार नाही, आणि इतक्या खणखणीत आवाजात घाबरणारं तर साऱ्या पृथ्वीवर नसेल. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. माझी आई जालन्याची आणि मावशी युक्रेनमधल्या, खारकीवच्या. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत ज्या काका-काकूंकडे मी खोली घेऊन शिकते, त्या काकूंचं शेजारच्या गाळ्यात पोळी-भाजीचं किचन आहे. तिथे मावशी पोळ्या लाटायच्या, एवढंच आमचं नातं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माणसांवर कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा जमेल तसं लिहिते.

मावशी त्यांच्या गावच्या स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायच्या. युद्ध सुरू झालं तेव्हा बायका-मुलांनी खचाखच भरलेल्या गाड्या त्यांनी माइकवरून एकामागून एक रवाना केल्या आणि शेवटी एक दिवस स्वतःच घोषणा केलेल्या गाडीत चढल्या. आधी पोलंडमध्ये एका हॉटेलात चादरी बदलल्या, मग ठरावीक मुदतीची परवानगी मिळून शिकागोला आल्या. स्टेशन सुटलं तरी सवय सुटली नाही. आमच्या किचनमध्ये त्या कुठलीही गोष्ट साधी सांगत नसत. ताठ उभ्या राहून, हनुवटी वर करून म्हणायच्या, "लक्ष द्या! पहिल्या तव्यावरची पोळी निघत आहे!" आणि पोळी खरंच निघायची, वेळेवर. काकूंचं इंग्रजी आणि मावशींचं इंग्रजी यांचं एकमेकींशी कधी पटलं नाही, म्हणून काकूंनी सरळ मराठीच सुरू केली होती. मावशींची मराठी त्यामुळे काकूंसारखीच होती, फक्त पुल्लिंग-स्त्रीलिंगाचे रूळ अधूनमधून बदलायचे.

आता घाबरण्याविषयी. मावशी दाराकडे पाठ करून कधी उभ्या राहत नसत. पोळपाट असा मांडायच्या की पुढचं आणि मागचं दोन्ही दारं दिसावीत. रोज घरी निघताना किचनमधली झाडून सगळी पातेली पाण्याने भरून ठेवायच्या, कारण उद्या नळाला पाणी येईल असं कुणी लिहून दिलंय? सकाळी काकू ती रिकामी करता करता म्हणायच्या, "अगं बाई, इथे लेक मिशिगन आहे शेजारी! समुद्राएवढं!" मावशी शांतपणे म्हणायच्या, "आमच्याकडे पण नदी होता." गणवेशातल्या पोस्टमनलाही त्या घाबरत, आणि तो बिचारा मावशींच्या हातची पोळी मिळेल या आशेने पत्रं नसली तरी डोकावायचा. शिकागोत वादळाचे भोंगे नीट चालतात की नाही ते बघायला महिन्यातून एका मंगळवारी सकाळी वाजवतात. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा मावशी लाटण्यासकट टेबलाखाली गेल्या आणि कितीही समजावलं तरी बाहेर येईनात. काकूंनी "अगं, टेस्टिंग आहे, टेस्टिंग!" असं दहादा सांगितलं. मग, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना, त्या स्वतःच टेबलाखाली जाऊन बसल्या. आता बाहेर काढायच्या दोघी झाल्या. काका म्हणाले, "तव्यावरची जळतेय, तिला कोण आत घेणार?" तेव्हा कुठे मावशी हसल्या.

काकूंची शिस्त मात्र कडक. कामापेक्षा बोलण्यात जास्त. एकदा मावशी म्हणाल्या, "लक्ष द्या! कणीक संपला!" काकूंनी कपाळाला हात लावला. "संपलं म्हणू नये गं भरल्या स्वयंपाकघरात. वाढलं म्हणावं. दिवा विझत नाही, वाढतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात." मावशींनी हे इतकं मनावर घेतलं की मला आश्चर्य वाटलं. नंतर मला म्हणाल्या, "चांगला नियम. आमच्या स्टेशनवर असता तर बरं होतं." त्या दिवसापासून आमच्या किचनमध्ये काहीच संपेना. गॅस वाढला, मीठ वाढलं, पोस्टमनची आशाही वाढली. काका रिटायर्ड इंजिनियर, त्यांना वाढलं म्हणजे वाढलं. "तूप वाढलं" हे ऐकून त्यांनी फोनवर कुणाच्या तरी बारशाची पुरणपोळ्यांची ऑर्डर घेऊन टाकली आणि मग डबा उघडून पाहिला. ती ऑर्डर कॅन्सल करताना काकूंनी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

या हसण्याच्या खाली एक गोष्ट सारखी होती. मावशींच्या कामाच्या परमिटची मुदत जवळ येत होती. मुदतवाढीचा अर्ज केव्हाच गेला होता, पण उत्तर येत नव्हतं. त्यांच्या ओळखीतल्या एका बाईला उत्तर आलं, दुसरीला नाही, तिसरी फोनच उचलेनाशी झाली. रोज सकाळी काकू नजरेनेच विचारायच्या आणि मावशी मान हलवायच्या. मला ही भीती ओळखीची आहे. मीही व्हिसावर आहे. युनिव्हर्सिटीचा ईमेल आला की उघडण्याआधी मी उगाच पाणी पिऊन येते. पण मला निदान परत जायला जालना आहे. मावशींची इमारत अर्धीच उभी आहे असं त्यांनी एकदा फोनमधला फोटो दाखवून सांगितलं होतं. उरलेल्या अर्ध्यात त्यांचं घर नव्हतं.

मग एका सकाळी त्या आल्या, कोट न काढता दारातच उभ्या राहिल्या, आणि घोषणा न करता हळूच म्हणाल्या, "काकू, परमिट वाढलं."

काकूंनी किंकाळीच फोडली. मावशींना मिठी मारली, त्यांच्या तोंडात साखर कोंबली, काकांना म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? वाढलं हो, वाढलं!" आणि कामं टाकून शिरा करायला घेतला. काका टाळ्या वाजवत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मावशी रडत रडत शिरा खात होत्या, आणि आम्हाला वाटलं आनंदाने. वाटी रिकामी करून त्यांनी ती धुतली. मग आपला पोळपाट घासला, लाटणं घासलं, पुसून कोरडं केलं आणि एप्रनची चौकोनी घडी घालून त्यावर ठेवली.

"अगं, आज सुट्टी हवी का? घे की!" काकू म्हणाल्या.

"उद्यापासून येऊ नको ना?"

"का येऊ नको?"

मावशी गोंधळल्या. "वाढलं ना. काल शेवटचा दिवस. उत्तर आला नाही. तुम्हीच सांगितलं, संपलं म्हणायचं नाही."

काकू स्टुलावर बसल्या. नंतर मावशींनी मला सांगितलं की त्यांना वाटलं होतं, ही काय माणसं आहेत, अशा वेळीही गोड खायला घालतात, किती चांगली रीत.

काकू एकदम उसळल्या. "काही नाही, येत जा तू. बघू कोण काय करतं!" काका हळू आवाजात म्हणाले, "तसं नको. पकडलं तर आपल्याला दंड होईल, पण हिचा अर्जच जाईल." काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही ते माहीत होतं. परमिटशिवाय पोळपाटाला हात लावणं हाच आता मावशींना सगळ्यात मोठा धोका होता.

काका गाडीची किल्ली घेऊन उठले, सोडतो म्हणाले. मावशींनी कोटाची बटणं लावली, आणि मग दाराकडे न जाता पिठाच्या पिंपावर जाऊन बसल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "सगळे."

"का गं?"

"आमच्याकडे लांब निघताना आधी बसतात. थोडं. बोलायचं नाही."

"अगं, पण तू दोन बसस्टॉप पलीकडे राहतेस. लांब कुठे चाललीस?"

"माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "म्हणून बसा."

काकू स्टुलावर होत्याच. काका कांद्याच्या पोत्यावर बसले, मी जमिनीवर. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मावशींचे हात मांडीवर होते, आणि नखांत कालचं पीठ होतं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं. मावशींनी दोन्ही दारांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. रविवारी कधी त्या येतात, चहा घेतात, पोळ्यांकडे बघत नाहीत. त्या सकाळी आधी कोण उठलं ते मला आठवत नाही. मी तर उठायचं नाही असंच ठरवून बसले होते, आणि बाकीच्यांचंही मला तसंच वाटत होतं.