बाच्या वाट्याचं पाणी
सकाळी लिव्हरपूलच्या गोदामात अमरावतीच्या कापसाची गठाण फोडली आणि सरकीचा तेलकट वास नाकात शिरला. अकोल्याजवळच्या आमच्या अंगणात असाच वास भरलेला असायचा. तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं, आणि मी बोटांत कापूस ताणून त्याची जात सांगतो म्हणून एक साहेब मला विलायतेला नेणार होता. महिनाभर मी बूट घालून ढेकळांतून चालायचा सराव करत होतो. निघायच्या दिवशी सकाळीच बानं न्हावी बोलावला. प्रवासाआधीची हजामत असेल म्हणून मी बसलो, तर त्यानं डोक्यामागोमाग माझी मिशीही उतरवली. आमच्यात मिशी काढतात ती बाप मेल्यावर. "काहून काढली? कोन मेलं?" मी ओरडलो. "मी," समोर बसलेला बा म्हणाला. त्याच्यापुढे भाताचे पिंड, काळे तीळ, पाण्याचा गडू, सगळं मांडलेलं होतं. "समुद्र वलांडला का तुह्या हातचं पानी मले पोचनार नाई. हात चोखा हाये तवर देऊन घे." मी अंगठ्यावरून तिळाचं पाणी सोडलं, ते ताटात पडलंच नाही. बानं खाली ओंजळ धरली आणि घटाघटा पिऊन टाकलं. काल घरून बा गेल्याचं पत्र आलं. मी मिशी काढायला वस्तरा उचलला आणि तसाच खाली ठेवला. म्हातारा पक्का, आपल्या वाट्याचं पाणी माझ्या हातून आधीच पिऊन गेला होता.