दुसऱ्याचं कापड

मास्तरीणबाई कुठल्या शाळेत शिकवायला कधी गेल्या नव्हत्या. नवरा कपडे बेतायचा म्हणून तो मास्तर, आणि तो गेल्यावर कात्री यांच्या हातात आली म्हणून या मास्तरीणबाई. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. दार उघडलं की डावीकडे कापायचं लांब टेबल, खिडकीखाली दोन शिलाई मशिनं, मागे इंटरलॉकचं मशीन आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर तीन शाळांच्या गणवेशांचं कापड. एक करडं, एक निळं आणि तिसऱ्या रंगाला शाळा मरून म्हणायची. सासूबाई मात्र गंजका म्हणायच्या.

या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडातून उरलेला तुकडा, मग तो हातरुमालाएवढा का असेना, घडी करून शिवलेल्या कपड्याच्या खिशात परत जायचा. गल्लीतले बाकीचे टेलर अशा तुकड्यांच्या पिशव्या शिवून विकायचे आणि मास्तरीणबाईंना हसायचे. दुसरी रीत म्हणजे, माप मिळाल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. फार पूर्वी एक माणूस कोटाचं कापड ठेवून गेला आणि माप द्यायला आलाच नाही. ते कापड डांबराच्या गोळ्या बदलून बदलून अजून कपाटात होतं. "विकून टाक की," असं कुणी म्हटलं, तर मास्तरीणबाई म्हणत, दुसऱ्याचं कापड आहे, मी कोण विकणारी?

दुकानात त्यांच्याबरोबर एकच बाई कामाला होती. काजं करणं, बटणं लावणं, हात-शिलाई आणि इस्त्री हे सगळं तिच्याकडे. तिला सगळे मौनी म्हणायचे, कारण ती सकाळी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताना बोलायला लागायची आणि संध्याकाळी चपला घालतानाही तिचं वाक्य अर्धं राहिलेलं असायचं. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. म्हणजे त्या घराच्या दोन्ही मिळकती शाळेवर टांगलेल्या होत्या.

साथ आली आणि शाळा बंद झाल्या, त्या नेमक्या नव्या गणवेशांच्या हंगामाच्या तोंडावर. कापड उधारीवर येऊन पडलेलं, आणि मुलं घरात चड्डी-बनियनवर बसून शिकत होती. पहिले काही आठवडे मास्तरीणबाईंना वाटलं, उघडतील. मग वाटणं बंद झालं. मौनी तोंडाला फडकं बांधून यायची, नेहमीच्या जागी बसायची आणि काम नसलं तरी बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत बोलत राहायची. फडक्यामुळे तिचे निम्मे शब्द गिळले जायचे. सासूबाई म्हणाल्या, या साथीचा तेवढाच एक फायदा.

मास्तरांचे एक मित्र गल्लीतल्या दुकानदारांची कराची कामं बघायचे. त्यांचा फोन आला. सरकारने कराचा हप्ता पुढे ढकलला होता, आणि छोट्या धंद्यांना कामगारांचे पगार देण्यासाठी काही महिने मदत जाहीर केली होती. मास्तरीणबाई लगेच नको म्हणाल्या. हात पसरायचा म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. पण सासूबाई पलंगावरून सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, दर वर्षी कर भरताना तू सरकारला म्हणतेस का, की कशाला हात पसरतोस? अर्ज गेला.

कराचा हप्ता पुढे गेल्यामुळे कापडवाल्याची थोडी उधारी फिटली आणि मास्तरीणबाईंना निदान गल्लीतून मान वर करून चालता आलं. थोड्या दिवसांत मदतीचे पैसेही खात्यावर जमा झाले. बँकेचा संदेश त्यांनी चष्मा पुसून परत वाचला. आणि मग त्यांनी जे केलं, ते दुसऱ्या कुठल्याही दुकानात झालं नसतं. त्यांनी त्या पैशांना हात लावला नाही.

त्यामागे एक जुनी धास्ती होती. मास्तरांच्या वेळी एकदा कराच्या कार्यालयातून चुकून जास्त रक्कम परत आली होती. मास्तरांनी खुशीत इंटरलॉकचं मशीन घेतलं, आणि वर्ष उलटल्यावर ती रक्कम व्याजासकट परत मागणारी नोटीस आली. ते फेडताना घरात काय काय कमी झालं होतं, ते मास्तरीणबाई विसरल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या मनाने घेतलं की सरकारने हे पैसे ठेवायला दिलेत, कधीतरी नक्की मागतील. कुणी मागितले की जसेच्या तसे, घडीही न मोडता परत द्यायचे. हे त्या कुणालाच बोलल्या नाहीत. कराचं काम बघणाऱ्या भावजींनीही विचारलं नाही. आलेले पैसे खर्च करा, हे एखाद्याला सांगावं लागतं, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मौनीचा पगार मास्तरीणबाई स्वतःच्या साठवणीतून, नेहमीसारखा रोख देत राहिल्या. साठवण आटली तेव्हा अर्धा पगार देऊ लागल्या. पुढे खिडकीजवळचं एक मशीन विकलं. सासूबाईंना सांगितलं, दुरुस्तीला दिलंय. शेवटी एका दुपारी त्या मौनीला म्हणाल्या, थोडे दिवस थांब, शाळा उघडल्या की बोलावते. मौनीने बटणांचा डबा बंद केला, घरी गेली आणि पुढच्याच आठवड्यापासून गावाबाहेरच्या एका शेडमध्ये भाज्या निवडून पिशव्या भरायच्या कामाला लागली. लोक घरबसल्या भाजी मागवत होते, त्यामुळे त्या शेडला माणसं हवीच होती.

मदतीचे दोन हप्ते खात्यात पडून होते, तेव्हा भावजींचा पुन्हा फोन आला. मदत देणाऱ्या कार्यालयाने तपशील मागवला होता. पगार कोणत्या तारखांना दिले तेवढं सांगा, म्हणाले.

"एका पैशालाही हात लावलेला नाही," मास्तरीणबाईंनी सांगितलं. पाठीवर शाबासकीची थाप पडणार अशा सुरात.

पलीकडे भावजी हसायला लागले, आणि मग एकदम हसायचे थांबले. त्यांनी सावकाश समजावलं. हे पैसे कामगाराच्या पगारासाठीच होते. महिनाअखेरपर्यंत पगारापोटी कामगाराच्या खात्यात गेले नाहीत, तर सगळे परत जाणार आणि पुढचे हप्तेही बंद. रोख दिलेला अर्धा पगार मोजायचा की नाही, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. आणि कामगारच सोडून गेली असेल, तर विषयच मिटला.

"वहिनी, मौनी आहे ना कामावर?"

मास्तरीणबाईंनी फोन ठेवला. पलंगावर सासूबाई उठून बसल्या होत्या.

"म्हणजे माझ्या मुलाचं मशीन विकलंस, आणि पैसे बँकेत पाय पसरून झोपले होते?"

"दुरुस्तीला..." मास्तरीणबाईंनी सुरुवात केली.

"मी म्हातारी आहे, आंधळी नाही. जन्मात पहिल्यांदा सरकार काही घेऊन दारात आलं, आणि तू त्याला पाहुण्यासारखं बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलंस. पाणीसुद्धा विचारलं नाहीस."

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. म्हणजे ताटावर जेवल्या नाहीत; मागाहून स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. पण मास्तरीणबाईंना ते मनावर घ्यायलाही जागा उरली नव्हती. मौनीला आपण आपल्या हाताने घालवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिच्या जागी दुसरी कुणी बसलेली त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना. मौनीचं काज असं असायचं की मुलगा चार वर्षं तो शर्ट घालून धाकट्या भावाला द्यायचा, तरी काजाचा टाका सुटायचा नाही.

कार्यालयाच्या मदत क्रमांकावर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन लावला. एकच धून पुन्हा पुन्हा वाजत होती. फोन कानाला लावूनच त्यांनी भाजी चिरली, कणीक मळली. अखेर एका बाईचा आवाज आला. मागे एक लहान मूल रडत होतं, म्हणजे तीही घरूनच काम करत असावी. मास्तरीणबाईंनी सगळं सांगून टाकलं. मास्तरांची नोटीस, कपाटातलं कोटाचं कापड, विकलेलं मशीन, भाजीची शेड. इतकं सांगायची गरज नव्हती, पण फोनवरच्या बाईने मधे तोडलं नाही. फक्त एकदा मुलाला म्हणाली, थांब रे राजा, आले.

मग तिने विचारलं, "बाई, गिऱ्हाइकाने कापड दिलं, माप दिलं, कधी हवं ती तारीखही दिली, तर तुम्ही काय करता?"

"शिवते."

"मग आम्ही तेच सगळं दिलंय. माप म्हणजे तुमच्या कामगाराचा पगार आणि तारीख महिनाअखेर. तुम्ही कापड कपाटात ठेवलंत आणि वर डांबराच्या गोळ्या घातल्यात. हे पैसे कुणी परत मागणार नाही. परत कधी मागतील, तर तुम्ही ते वापरले नाहीत तेव्हा."

त्या बाईने पुढे सांगितलं की रोख दिलेल्या पगाराची मौनीने पोच दिली तर तो धरता येईल. उरलेला अर्धा आणि मधल्या दिवसांचा पगार तिच्या खात्यात भरायचा आणि तिला पुन्हा कामावर घ्यायचं. एवढं तारखेच्या आत झालं तर काही जाणार नाही. हे सगळं तिने आधी नीट सांगितलं, आणि मास्तरीणबाईंनी विचारल्यावर न कुरकुरता पुन्हा सांगितलं.

त्याच संध्याकाळी मास्तरीणबाई मौनीच्या दाराशी गेल्या. साथीमुळे आत जायचं नव्हतं, म्हणून पायरीच्या खालीच उभ्या राहिल्या. मौनी शेडवरून नुकतीच आली होती. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून तिच्या पायांची बोटं पांढरी पडली होती, आणि ती फडक्याने पाय पुसत बसली होती. मास्तरीणबाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. पैसे आले होते, कधी आले होते, आणि आपण ते का दिले नाहीत. काही लपवलं नाही.

मौनी पाय पुसतच राहिली. तिला अशी गप्प बसलेली मास्तरीणबाईंनी कधीच पाहिली नव्हती, आणि तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं. आतून तिच्या नवऱ्याचा खोकण्याचा आवाज आला. बस बंद असल्यापासून तो घरातच होता.

"माझ्या धाकटीचं दूध मी मधे बंद केलं होतं," मौनी शेवटी म्हणाली. "माहितीये तुम्हाला?"

"नाही."

"भीती वाटत होती तर मला सांगायचं होतं, वहिनी. दोघी मिळून घाबरलो असतो."

मास्तरीणबाई एवढंच म्हणाल्या, की चुकलं माझं. शेडमधली पर्यवेक्षक बाई मौनीला कायम करायला तयार होती, दर शनिवारी पैसे हातात मिळत होते. मौनीने तेही सांगितलं. मग म्हणाली, आज डोकं चालत नाही, उद्या बघू. आणि दार लोटलं. आपटलं नाही, हे मास्तरीणबाईंनी परत येताना वाटभर मनाशी घोळवलं.

सकाळी त्यांनी दुकान रोजच्यापेक्षा लवकर उघडलं. टेबल पुसलं, पुसलेलं टेबल परत पुसलं. सासूबाई खुर्ची ओढून दारातच बसल्या होत्या, रस्त्यावर नजर ठेवून. शेडला जाणाऱ्या बायकांची टेम्पोगाडी कोपऱ्यावर थांबली, भरली आणि निघून गेली. तीत मौनी बसली की नाही, हे दारातून दिसलं नाही. मास्तरीणबाईंनी विचारलंही नाही आणि सासूबाईंनी सांगितलंही नाही.

गाडी गेल्यावर बऱ्याच वेळाने कोपऱ्यावरून मौनी येताना दिसली. आधी तिचा आवाज आला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी ती कशावरून तरी वाद घालत होती.

आत येताच तिने सांगून टाकलं, की आधी पगार, मग सुई. भावजींनी फोनवरून सांगितलं तसं मास्तरीणबाईंनी पैसे तिच्या खात्यात पाठवले. मौनीचा फोन किणकिणला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, सासूबाईंना दाखवला. सासूबाई म्हणाल्या, मला काय दाखवतेस, मला तर चष्म्यातूनही अक्षरं धूसर दिसतात, पण तुझ्या तोंडावरून कळतंय की आलेत. पोच म्हणून मौनीने सही केली, अगदी काज करावं तशी, एकेक टाका जुळवून.

गणवेश नव्हतेच, पण गल्लीत सगळे घरात अडकलेले होते आणि घरात बसलं की माणसाला फाटकं दिसायला लागतं. पडदे आले, उशांचे अभ्रे आले, तुटलेल्या चेनच्या पँटी आल्या. पुढच्या महिन्यातही मदतीचा हप्ता जमा झाला, आणि या वेळी तो त्याच दिवशी मौनीच्या खात्यात गेला.

त्या दिवशी मास्तरीणबाईंनी मदत क्रमांकावर पुन्हा फोन लावला. काम काही नव्हतं. त्या बाईला सांगायचं होतं की तुमच्यामुळे एक बाई ओल्या फरशीवरून परत खुर्चीत आली, एका मुलीचं दूध सुरू झालं, माझं दुकान उघडं राहिलं. वाक्यं मनात नीट जुळवून ठेवली होती. भरपूर धून ऐकल्यावर एका पुरुषाचा आवाज आला. त्या बाईचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. लहान मूल असलेली बाई, एवढंच त्यांना सांगता आलं. तो माणूस सभ्यपणे म्हणाला, इथे बऱ्याच जणींना लहान मुलं आहेत, तुमची काही अडचण आहे का?

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अडचण नाही. त्या सगळ्यांनाच सांगा."

काय सांगायचं, ते त्याने विचारलं नाही. लगेच 'बरं' म्हणाला, कारण मागे आणखी लोक ताटकळलेले असणार. त्यांनी फोन ठेवला. जुळवलेली वाक्यं तशीच उरली होती. खिडकीपाशी मौनी पडद्याला कड्या लावत होती. मास्तरीणबाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"तू आलीस, फार बरं झालं," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत असं कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जरा सूचना दिल्यासारखंच आलं.

"आले म्हणजे काय, पगार घेतलाय," मौनीने मान वर न करता म्हटलं. "आता उजेडातून बाजूला व्हा. तर मी काय सांगत होते, ती शेडमधली पर्यवेक्षक, तिचा काल फोन आला होता मला, म्हणते तुझ्यासारखं माणूस नाही, मी म्हटलं अहो बाई..."

मास्तरीणबाई उजेडातून बाजूला झाल्या, आणि स्टूल ओढून ऐकायला बसल्या.