काचंपल्याडचा मामा

"लाव हात. लाव. लाजू नगंस."

आसं म्हनून त्यो उजवा पंजा उघडायचा आन् सरळ क्यामेऱ्याच्या तोंडावर न्यायाचा. मग टीव्हीत दुसरं काय दिसायचंच न्हाई. नुसता पंजा. रेषा, बोटं, आन् करंगळीला निळ्या शाईचा डाग. वडूजमधली सगळी बारकी पोरं आपापल्या घरात उठायची आन् टीव्हीच्या काचंला हात लावायची. काच तडतडायची, हातावरची लव उभी ऱ्हायची. पोरांना वाटायचं, मामानं गुदगुल्या केल्या.

गुदगुल्या टीव्हीच्या करंटच्या हुत्या, मामाच्या न्हवत्या. मला इचारा. मी केबलचा वायरमन.

नव्वदच्या पुढची सालं ती. आमच्या मालकाचं इलेक्ट्रिकचं दुकान हुतं, वरच्या मजल्यावर केबलची खोली. मालकाच्या डोक्यात आलं, आपला सोताचा चॅनेल काडायचा. त्यावर दुकानांच्या जाहिराती, हरवल्याली म्हस, पोरांचं वाढदिवस, आन् म्हाताऱ्यांचं तेरावं. रविवारी सकाळी पोरांचा कार्यक्रम, समोर बसून थेट बोलायचं.

आता गावात हसवनारा मानूस कोन? मी. मी दुसरीत मास्तरांची नक्कल केली आन् पोरं लय हसली. मास्तर मागं दारातच उभं हुतं. तवापासनं शाळेचा आन् माजा संबंध न्हाई. पन लगीन आसू दे, गनपती आसू दे, मला बोलावल्याबिगर कुनाचं पान हालत न्हवतं. म्हनून मालकानं पयलं मलाच खुर्चीवर बसवलं.

दिवा लावला. क्यामेरा सुरू झाला. मी "नमस्कार" म्हनलो आन् थांबलो. समोर कुनाचं त्वांडच न्हाई वं! नुसतं काळं भिंग. आत कोन हाय का म्हनून मी वाकून बगाया लागलो.

मालक वरडला, "आरं, घड्याळदुरुस्तीवाल्यागत काय बगतोस? ऊठ!"

मी उठलो. माईकची वायर गळ्यातच हुती, तिच्यासंगं दिवाबी खाली आला.

मग मालकानं येष्टी स्टँडवरच्या कंट्रोलरला बोलावलं. गाडी कुटल्या फलाटाला लागली ते माईकवरनं सांगतो त्यो मानूस. त्येचं त्वांड कुनी बगितल्यालं नसायचं, पन आवाज सगळ्या तालुक्याला पाठ. ड्यूटी संपवून खाकी कपड्यातच आला, खुर्चीवर बसला, भिंगाकडं बगून म्हनला, "बाळ-प्रवाशांनो, इकडे लक्ष द्या. चार वर्षांवरून सुटून पाच वर्षांकडे जाणारी कुमारी अमुकतमुक फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. आई-वडिलांनी नोंद घ्यावी!"

वाढदिवस सांगायची ही काय रीत झाली का? तुमीच सांगा. मी मनात म्हनलो, ह्यो बी पडनार. आन् संध्याकाळपातुर गावातलं शेंबडं पोरगंबी त्येला मामा करून म्हनाया लागलं, "मी तीनवरनं सुटलोय, चारला कवा लागनार?"

माज्या पोटात जी कळ आली, ती काय वव्यानं जानारी न्हवती.

वायर जोडाया ज्या घरात जाईन तिथं तीच गत. बाई पदर सावरून इचारायची, "आवं, तुमी त्या मामाच्या जवळच असता न्हवं?" म्हंजे मला वाटायचं, आता च्या मिळनार. तर माज्या हातात लाडू द्यायची. मामासाठी. मी निम्मं वाटेतच खायाचा. तेवढाच सूड. आन् परत्येक टीव्हीच्या काचंवर खालच्या अंगाला बारकं बारकं पंजं. एका घरात मी फडकं घेटलं आन् म्हनलो, काच लय घान झालिया. बाई धावत आली, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. लेकरू रडतंय पुसलं की."

पन खरं जळलो ते सोताच्या घरात.

माजी पोरगी पिंकी तवा चार वर्सांची. आधी मी नुसता दारात लंगडत आलो तरी पोट धरून हसायची. आता बगायचीबी न्हाई. भात खाताना म्हनायची, "मामा म्हनला तर खाईन." एकदा मी काय केलं, किराना दुकानातनं मोठा खोका आनला, त्येला भोक पाडलं, आत डोकं घातलं आन् म्हनलो, "बाळ-प्रवाशांनो!"

पिंकी जवळ आली. माज्याकडं निरखून बगितलं. आन् माजा कान धरून पिळला. पयलं हिकडं, मग तिकडं. मग खोक्यावर दोन थापट्या हानल्या.

चुलीपासनं बायको म्हनली, "काय गं, चॅनेल लागंना व्हय?"

त्यो मानूस वाईट न्हवता, हीच तर आडचन हुती. वाईट आसता तर मी सुखानं जळलो आसतो. कार्यक्रम झाला की माज्यासंगं जिन्यात बसून च्या प्यायचा. एक दिस बशी हातात तशीच धरून म्हनला, "गड्या, तू घराघरांत जातोस. खरं सांग. पोरं लावत्यात का रं हात?"

मी म्हनलो, "म्हंजे?"

"म्हंजे मी म्हनतो लाव हात, लाव हात. पन मला समोर नुसतं काळं भिंग दिसतं. त्या येळंला मी हितं असतो, तितलं कसं दिसनार? स्टँडवर निदान खिडकीतनं मानसं पळताना दिसत्यात. हितं मी भिंतीसंगं बोलतोय का कुनासंगं, तेच कळंना."

बगा, म्हंजे त्येलाबी तेच भ्याव वाटत हुतं, ज्येनं मी दिवा पाडला. नुसतं त्यो खुर्चीवर बसून ऱ्हायला.

'कुनी लावत न्हाई' हे माज्या जिभंवर आलं हुतं. दातापातुर आलं. पन मी गिळलं आन् म्हनलो, "लावत्यात सायेब. माज्या पिंकीचा पंजा तर काचंवरनं निगतच न्हाई."

त्येनं माज्याकडं बगितलं आन् खो खो हसला. माज्या पाठीवर थाप मारली. "तुजं काय खरं, गड्या!"

सगळा जलम चेष्टेत घालवला, तर आसं हुतंय. पोट जळत आसताना एकदा खरं बोललो, तर तीबी चेष्टा ठरली.

पुढं त्येची बदली झाली, आटपाडीला. सांगली जिल्हा, आमची केबल काय तितपातुर पोचत न्हवती. गावातली पोरं रडली. मी पेढं आनलं. बायको म्हनली, "कुनाला पोरगं झालं?"

मालकाला दुसरं कोन घावंना, म्हनून खुर्ची परत माज्याकडं आली. ह्या बारीला मी भिंगाकडं बगितलंच न्हाई, आवाज घट्ट केला आन् चालू झालो. वाढदिवसाच्या चिठ्ठ्या मला वाचाया येत न्हवत्या. मालकानं फोटो वळीनं लावून नावं पाठ करून घेटली हुती. पाच पोरं झकास झाली. मग एक फोटो आला फेट्यातल्या म्हाताऱ्याचा. ह्येचं पाठ केल्यालं आठवंना. पन थांबलो तर मालक परत उठवनार. मी ठोकून दिलं, "सत्तरवरून सुटून एकाहत्तरकडे जाणारे आजोबा फलाट क्रमांक एकवर उभे आहेत! आजोबा, लावा हात. लाजू नगा!"

आजोबांचं सोमवारी तेरावं हुतं.

त्येंची तिघं पोरं जिना चढून आली. मी खिडकीतनं केबलच्या खांबावरनं उतरलो, वायरमन आसल्याचा तेवढा फायदा. दुसऱ्या दिशी माफी मागाया गेलो, तर आजोबांची म्हातारी भिताडाला टेकून बसल्याली. म्हनली, "येऊ द्या रं त्येला. तू लाव म्हनलास न्हवं? त्येंच्या वाटचा म्याच लावला हात." आन् त्वांडाला पदर लावून हसली. म्हनून मी आज तुमच्यासमोर धडधाकट बोलतोय.

घरी मातर माजा निकाल लागला हुता. मी इचारलं, "पिंकीनं लावला का हात?"

बायको भाकरी थापतच म्हनली, "तुमी हात फुडं केला आन् तिनं टीव्हीकडं पाठ केली."

पिंकी कोपऱ्यातनं म्हनली, "तुमी कशाला बसला मामाच्या खुर्चीवर?"

आठवडाभर तिचा एकच धोसरा, मामाकडं चला. शेवटी नेली आटपाडीला. स्टँडात उतरलो तर वरच्या भोंग्यातनं त्योच आवाज. पिंकीनं माजं बोट सोडलं आन् पळाली. कंट्रोलरच्या खोलीला मोठी काचंची खिडकी हुती. टाचा वर करून तिनं खिडकीवर पंजा ठेवला.

त्यो आतनं बोलत हुता, "सांगलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक..." आन् भोंगा गप झाला. नंबर काय आलाच न्हाई. सांगलीची मानसं हातात बोचकी घेऊन वर भोंग्याकडं बगत उभी. त्येनं माईक खाली ठेवला. हळूच पंजा उचलला आन् आतनं काचंला लावला, तिच्या पंज्याच्या बरुबर समोर. करंगळीला शाई तशीच हुती.

सांगलीचा एक गडी वरडला, "आवं, फलाट कुटला?" त्येला काय ऐकूच गेलं न्हाई.

जरा येळानं पिंकी म्हनली, "मामा, आज काच गरम लागतीया."

मग त्येनं वर बगितलं, माज्याकडं. डोळं भरल्यालं. काचंच्या भोकातनं म्हनला, "खरं सांगत हुतास व्हय रं, गड्या?"

मी मान डोलावली. माजी पोरगी, मी तिकीट काडून आनल्याली, आन् पंजा त्येच्या पंज्याला. त्येला खरं कळलं ह्येचं बरं वाटलं. आन् जळलो बी. दोनी एका पोटात.

पिंकी म्हनली, "आमचा बा तुमच्या खुर्चीवर बसतो. लय घान करतो."

परतीची गाडी लागली. आमी चढलो आन् भोंगा वाजला, "वडूजला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. या गाडीने टीव्हीवरचे प्रसिद्ध कलाकार प्रवास करत आहेत. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

सगळ्या गाडीच्या माना फिरल्या. मानसं माज्या डोक्यावरनं, खांद्यावरनं बगाया लागली. डायवरबी उठून बगाया लागला. माज्याकडं कोनच न्हाई. मग पिंकी सीटवर उभी ऱ्हायली, माजा कान धरला आन् वरडली, "ह्यो! ह्यो हाय! माजा बा हाय!"

फुडच्या सीटवरची म्हातारी मला वरनं खालपातुर बगून म्हनली, "ह्यो? मग त्यो टीव्ही बिगडल्याला आसंल."

सगळी गाडी हसली. पिंकीबी हसली, माज्या मांडीवर पडून, पोट धरून. लय दिसांनी. आन् ते हसू बी त्येनंच मला दिल्यालं, भोंग्यातनं. मी काय कमावलं न्हाई.

फुडच्या रविवारी तिनं काचंला हात लावला का? एक बोट लावलं म्हनं. बायको सांगत हुती.

पुढं मोठाली चॅनेलं आली, आमच्या मालकानं आपला गुंडाळला. मी परत खांबावर चढलो. त्यो रिटायर झाला आन् थोड्या वर्सांत गेलाबी. मला उशिरा कळलं.

मागं एकदा आटपाडीत उतरलो. खिडकी तीच, आत खुर्चीवर नवा गडी. काय मनात आलं, काचंला पंजा लावून उभा ऱ्हायलो.

आतनं त्यो म्हनला, "चौकशी शेजारच्या खिडकीला."

मी हात काडला. काचंवर माजा पंजा उमटला हुता. त्येनं आतनं फडकं घेटलं आन् पुसाया लागला. पुसतोय, पुसतोय, निगंना. डाग भायेरनं हुता.