गुरवकाकांनी दाबून ठेवलेला कौल

आमच्या गावचे गुरवकाका स्वतःच्या तोंडाने कधी हो म्हणत नसत की नाही म्हणत नसत. ‘चहा घेणार का?’ म्हणून विचारलं तरी उत्तर यायचं, "बघूया." काकी वैतागायच्या. त्यावर काका शांतपणे म्हणत, "होय-नाय सांगना ह्या देवाचा काम, माझा न्हय."

देवाचं ते काम मात्र काकांच्या हातून चालायचं. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी आधी गळते ते बघत बसायचं. उजवी गळली तर देवाचा होकार, डावी गळली तर नकार. लग्न असो, विहीर असो, होडीची खरेदी असो, कौल लावल्याशिवाय गावात पान हलत नसे. मग माझी मॅट्रिक तरी त्यातून कशी सुटणार?

पहिल्या वर्षी उजवा कौल पडला. देवानेच पास केल्यावर पुस्तकं उघडणं मला अश्रद्धपणाचं वाटलं. मी वर्षभर दशावताराच्या नाटकांमागे वालावलपर्यंत हिंडलो आणि व्यवस्थित नापास झालो. आई तणतणत देवळात गेली.

"गुरवानू, देवान उजवो दिल्यान मा? मगे माझो झील नापास कसो झालो?"

"वैनी, देवान वाट मोकळी केल्यान. चलूक नको?"

दुसऱ्या वर्षी डावा पडला. आई रडली, मी मनातून सुखावलो. देवाच्या इच्छेविरुद्ध अभ्यास करणारा मी कोण? पुन्हा नापास झालो. देवाचा शब्द खरा करण्यात आपलाही हातभार लागला, याचा थोडा अभिमानही वाटला.

तिसऱ्या वेळी मात्र वडिलांनी सांगून टाकलं, आता नापास झालास तर कसालच्या बाजारात मामाच्या दुकानात बसायचं, आयुष्यभर गूळ जोखायचा. मी घाबरून देवळाकडे धावलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझो कौल मी लावचंय नाय. उजवो पडलो तरी तू निजतंस, डावो पडलो तरी निजतंस. देवाक कित्याक तरास?"

काका चक्क ‘नाय’ म्हणाले, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. माझी तर झोपच उडाली. पास होणार हे ठाऊक असलं की झोप लागते. नापास होणार हे ठाऊक असलं की त्याहून गाढ लागते. काहीच ठाऊक नसलं की मात्र माणूस पुस्तक उघडतो. मी उघडलं. सकाळी पूजेला जाताना काका आमच्या अंगणाशी थबकत, माझ्याकडे बघत आणि पुढे जात.

मी पास झालो. काठावर का होईना, पण झालो. पुढे देवगडकडच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली, तेव्हा गावाने देवळात सत्कार केला. ‘नशीब ही आळशी माणसाची सबब आहे,’ असं मी भाषणात ठणकावून सांगितलं. दोन वर्षं मी काय दिवे लावले होते हे ठाऊक असलेला अख्खा गाव समोर बसला होता. तरीही टाळ्या पडल्या. आमचा गावच मोठ्या मनाचा.

निघताना काकांचा निरोप घ्यायला गेलो. म्हटलं, "काकांनू, तुम्ही कौल लावूक नाय म्हणान मी पास झालंय."

"लावलेलो," काका म्हणाले. "तुका नाय म्हटलंय, पण माका ऱ्हवाक झाला नाय. दुसऱ्याच दिसा लावलंय. डावो पडलो."

मी विचारलं, "मगे सांगूक नाय कित्याक?"

"सांगला असता तर तू निजलो असतंस." काका म्हणाले, "देवाचो कौल दाबून ठेवलंय, झिला. जल्मात पयल्यांदा. वरसभर पूजा करताना देवाच्या तोंडाकडे बघूक जमाक नाय माका. रोज गाऱ्हाना घालताना सांगी, म्हाराजा, पोरग्याक पास कर, आणि डावो काय असात तो माझ्यावर घाल."

गळ्यात सत्काराचा हार तसाच होता. मी काकांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मला लवकर उठवेना.