प्रत्येक पीस वेगळ्या जागेचं

आधीच सांगतो, हसायचं नाही. हसायचंच असेल तर कप खाली ठेवून हसा, मागच्या वेळी शर्ट माझा खराब झाला होता.

तर, मी जंगली तित्तरांवर पीएचडी करत होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली, आणि मी विद्यापीठात जाऊन तित्तरं राखायला लागलो. रोगाशी लढणारी जनुकं हा विषय. खुराड्यात मानमोडी आली की काही कोंबड्या मरतात, काही तरतात, ते या जनुकांमुळं. ती जितकी वेगवेगळी, तितकी पाखरांची जात तगून राहते. तपासायला पीस पुरतं.

पण पीस आणायचं कुठून? लागोपाठ दुसरा दुष्काळ, त्यात बिडकीनकडचा माळ कंपन्यांसाठी सपाट होत होता. पहाटे उठून रानात जायचो आणि डोक्यात धूळ भरून संभाजीनगरला परत. तित्तर लांबून ओरडायचं, दिसायचं मात्र नाही. शेवटी माझ्या गाईड मॅडमनी स्पष्ट सांगितलं, सेमिनारपर्यंत पिसं आली नाहीत तर विषय बदला. दोन वर्षं पाण्यात जाणार होती हो माझी!

मग मला बिडकीनचे मामा आठवले. शेरडांमागं दिवसभर माळावरच असतात. त्यांच्या हातात पाकिटं दिली आणि मोठ्या रुबाबात समजावलं. पाखराला मारायचं नाही, एका पाकिटात एकच पीस, आणि प्रत्येक पीस वेगळ्या जागेचं पाहिजे.

"जागा येगळी. येवढंच ना?" मामांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो. हा शब्द लक्षात ठेवा.

आठवड्यात पाकिटं भरून आली. प्रयोगशाळेत तपासली, तर सगळ्यांची जनुकं तंतोतंत सारखी! शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. मी पेढे वाटले.

सेमिनारला मी असा काही बोललो म्हणता! दुष्काळानं आणि वाढत्या शहरानं बिडकीनच्या तित्तरांतली विविधता संपवली, आता एक साथ आली की सगळी एकदम जातील. शेवटी तर मी खिशातला रुमालच काढला. टाळ्या थांबल्यावर मॅडमनी शांतपणे विचारलं, सख्खी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात, पिसं गोळा कोणी केली? मी छाती फुगवून म्हणालो, माझ्या मामांनी. त्या म्हणाल्या, जाऊन बघून या.

गेलो. मामी चहा टाकायला उठल्या, तसं बाजेखालून एक तित्तर लंगडत बाहेर आलं. शेपूट नाही, पंख विरळ. मला बघितलं आणि मामींच्या लुगड्यामागं लपलं. जेसीबीनं झुडपं उपटली तेव्हा पाय मोडलेलं पिल्लू मामांनी उचलून आणलं होतं, ते हे.

मी घाबरत घाबरत पिसांचं विचारलं. मामा मात्र कौतुकानं सांगत होते. त्याला काखेत घेऊन नाल्यावर नेलं, तिथं एक पीस काढलं. विहिरीवर नेलं, तिथं एक. कंपनीच्या कुंपणापाशी वॉचमननं हटकलं, तरी एक काढलंच. "भाच्याचं काम हाय म्हणून उन्हात लई फिरलो रं."

"मामा, पण पाखरू एकच ना."

"मग? तू जागा येगळी म्हणलास. पाखरू येगळं पायजे, असं कुठं म्हणलास?"

खरंच, म्हणलोच नव्हतो. निघताना मामींनी हळूच हात धरला. "लेकरा, आता पीस मागू नको. हिवाळा काढायचाय त्याला."

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. आता विषय गेला, अशी खात्रीच होती. त्या डोळ्याला पदर लावून हसल्या, मग म्हणाल्या, पाऊस पडेपर्यंत मुदत देते, या वेळी स्वतः जा.

मी विचारलं, मग सेमिनारमधलं सगळंच खोडू का?

"सगळं नको. बिडकीनच्या तित्तराला धोका आहे, हे बरोबर आहे. फक्त दुष्काळ खोडा आणि तिथं स्वतःचं नाव घाला."